अपुऱ्या वर्षांची पेन्शन

पेन्शन हा शब्द मराठी घरांत इतका मुरला आहे, की तो परभाषेतून आला याचे स्मरणही आता कोणाला राहिलेले नाही. ‘ते पेन्शनीत निघाले’ एवढे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक चित्र आपोआप उभे राहते. आणि पुण्याला पेन्शनरांचे गाव म्हणण्याची चाल ज्यांनी पाडली, त्यांच्या मनातही तेच चित्र असले पाहिजे: कचेरीत, शाळेत, रेल्वेत किंवा टपालखात्यात तीस-पस्तीस वर्षे इमानाने चाकरी केलेला, ज्याचे सेवापुस्तक दुसऱ्या कोणी लिहिले, दुसऱ्या कोणी तपासले आणि निवृत्तीच्या वेळी ज्याचे कागद त्याच्या वतीने वरच्या कचेरीकडे रवाना झाले, असा नोकरदार मनुष्य. शासनदरबारी रूढ झालेला ‘निवृत्तिवेतन’ हा शब्द तर पोटातच वेतन बाळगून आहे. ज्याला वेतन असे कधी मिळालेच नाही, ज्याने आपल्या कसबावर स्वतःचा रोजगार स्वतः उभा केला, त्याचे सेवापुस्तक कोण लिहितो, आणि त्याने हत्यारे खाली ठेवली त्या दिवशी त्याच्या वतीने कोण कागद हलवतो, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. मलाही तो गेल्या वर्षापर्यंत पडला नव्हता.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, बाहेर पावसाची संततधार चाललेली असताना, माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही सारी भावंडे दादा म्हणतो, एक प्लास्टिकची निळी फाईल घेऊन माझ्याकडे आले. दादा १९८४ साली विलायतेस गेले. पहिली काही वर्षे त्यांनी लंडनच्या पश्चिमेकडील एका कारखान्यात काढली आणि १९९१ पासून हॅरोच्या परिसरात मोटार चालविण्याचे शिक्षण देण्याचा स्वतंत्र व्यवसाय केला. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक आणि एक क्लच असे, आणि तेवीस वर्षांच्या त्या सरावाने आजही रिक्षात बसले तरी समोर काही आडवे आले की त्यांचा उजवा पाय दाबला जातो. २०१४ साली काचबिंदूने त्यांची नजर उतरली. त्याच वर्षी वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. दादांनी गाडी विकली, व्यवसाय बंद केल्याचे करखात्याला रीतसर कळवले, शेवटचे विवरणपत्र भरले, कर बेबाक केला आणि पुढची चार वर्षे, वहिनी जाईपर्यंत, ते त्यांच्या उशाशी बसून राहिले. २०२१ साली ते पुण्यास परतले. २०२४ साली सहासष्ट पूर्ण होऊन विलायती सरकारची पेन्शन सुरू झाली ती अपेक्षेहून बरीच कमी. आणि ती कमी का, हे शोधायला त्यांना आणखी एक वर्ष लागले, कारण चूक हिशेबात असेल, कधीतरी दुरुस्त होईल, अशी त्यांची समजूत होती.

फाईलमधला कागद मी माझ्या टेबलावर पसरला. एकेका आर्थिक वर्षाची एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीपुढे एकच शेरा: ‘पूर्ण वर्ष’ किंवा ‘वर्ष पूर्ण नाही’. सत्तावीस ओळींपुढे पहिला शेरा होता. बाकीच्या ओळी मी बोटाने मोजत गेलो, तेव्हा दादा खिडकीबाहेर पाहत होते.

ही वर्षे मोजण्याची पद्धत मुळात कोठून आली, हे थोडे सांगावयास हवे, कारण तिच्या मुळाशी असलेली कल्पना उदात्त होती. इंग्लंडात म्हातारपणाची सरकारी पेन्शन १ जानेवारी १९०९ पासून सुरू झाली. ती सत्तर वर्षांवरील गरिबांना, आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग, अशी होती आणि तिच्यात दयेचा अंश होता. त्या दयेच्या जागी हक्क आणण्याचे श्रेय प्रामुख्याने विल्यम बेव्हरिज यांच्याकडे जाते. हे गृहस्थ १८७९ साली बंगालमधील रंगपूर येथे जन्मले. त्यांचे वडील तेथे न्यायाधिकारी होते. महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, डिसेंबर १९४२ मध्ये, त्यांनी जो अहवाल सादर केला, त्यात समस्त प्रजेचे सहा वर्ग कल्पिले होते आणि दुसऱ्या वर्गात मालक, व्यापारी आणि स्वतंत्रपणे कमावणारे सर्व लोक घातले होते. चांभार, न्हावी, दुकानदार, गवंडी यांनीही नोकरदाराप्रमाणे वर्गणी द्यावी आणि नोकरदाराप्रमाणेच म्हातारपणी ताठ मानेने पेन्शन घ्यावी, ही ती कल्पना. ५ जुलै १९४८ रोजी ती अमलात आली, आणि स्वतंत्र व्यावसायिकाच्या वर्गणीला आजही ‘क्लास टू’, म्हणजे दुसरा वर्ग, असेच नाव आहे.

त्या काळी प्रत्येकाजवळ एक कार्ड असे. स्वतंत्र व्यावसायिकाने टपाल कचेरीत जाऊन आठवड्याचा स्टँप विकत घ्यावा आणि तो त्या कार्डावर स्वतः चिकटवावा, अशी रीत होती. विलायतेतील जुन्या पिढीच्या तोंडी ‘स्टँप भरला का?’ हा प्रश्न अजून ऐकू येतो तो त्यामुळेच. त्या रीतीत कटकट होती खरी, पण एक मोठा गुणही होता. स्टँप चुकला, की कार्डावरचा चौकोन रिकामा दिसे. घरातली बाईही तो पाहून नवऱ्याला हटकू शकत असे. पुढे कार्ड गेले, हप्ते बँकेतून परस्पर वळते होऊ लागले, आणि नंतर ही वर्गणी वार्षिक करविवरणात विलीन झाली. सोय झाली, परंतु रिकामा चौकोन माणसाच्या नजरेआड, सरकारच्या संगणकात, गेला. तो आहे तेथेच आहे. फक्त ज्याचा त्याला दिसत नाही.

आजचा कायदा असा आहे, की ६ एप्रिल २०१६ रोजी किंवा त्यानंतर पेन्शनच्या वयाला पोहोचणाऱ्यास पूर्ण पेन्शनसाठी साधारणतः पस्तीस पात्र वर्षे लागतात आणि दहापेक्षा कमी भरली तर बहुधा काहीच मिळत नाही. पूर्ण पेन्शनचा दर २०२५-२६ साली आठवड्याला २३० पौंड २५ पेन्स होता. त्याचा पस्तिसावा हिस्सा म्हणजे एका गहाळ वर्षाची किंमत: आठवड्याला साडेसहा पौंडांहून किंचित अधिक, वर्षाला सुमारे ३४२ पौंड, आणि ही रक्कम एकदाच नव्हे तर मनुष्य जिवंत असेपर्यंत दर वर्षी. नोकरदाराचे वर्ष मालक पगारातून कापून भरतो. स्वतंत्र व्यावसायिकाचे वर्ष त्याच्या नफ्यावर ठरते. एप्रिल २०२४ पासून ‘क्लास टू’ची सक्ती उठली आणि ठरावीक मर्यादेच्या वर, २०२५-२६ साठी ६,८४५ पौंड, नफा असेल तर वर्गणी न देताही ती दिली असे मानून वर्ष पूर्ण धरले जाते. ही उदार तरतूद आहे, तिचे श्रेय देणे उचित होय. पण नफा त्या मर्यादेखाली उतरला, तर वर्ष आपोआप पूर्ण होत नाही. विवरणपत्रातील एका चौकटीत खूण करून, २०२५-२६ साली आठवड्याला साडेतीन पौंड या दराने, वर्षाचे १८२ पौंड स्वेच्छेने भरावे लागतात. ती खूण राहिली, की वर्ष गेले.

आता स्वतंत्र व्यवसाय कसा संपतो, हे ज्याने जवळून पाहिले असेल त्याला यातील अडचण तत्काळ ध्यानात येईल. नोकरी एका तारखेस संपते; धंदा असा एका तारखेस संपत नाही. तो आधी रोडावतो. गिऱ्हाईक कमी होते, प्रकृती कुरकुरू लागते, माणूस आठवड्यातून तीनच दिवस काम करतो, मग दोन, मग ओळखीच्यांपुरते. म्हणजे नफा मर्यादेखाली जाण्याची वर्षे ही बहुधा नेमकी शेवटची वर्षे असतात, जेव्हा खर्चाला कात्री लावण्याची घाई असते आणि १८२ पौंडही वाचवावेसे वाटतात. दादांच्या कागदावर २००९-१० आणि २०१०-११ या दोन ओळी अपूर्ण होत्या. त्या मंदीच्या काळात शिकणारी पोरे कमी झाली, उत्पन्न घसरले, आणि अल्प उत्पन्नाबद्दल वर्गणीतून सूट मिळण्याची जी तरतूद तेव्हा होती तिचा दाखला त्यांच्या हिशेबनिसाने मोठ्या तत्परतेने काढून दिला. तेव्हाचा दर आठवड्याला २ पौंड ४० पेन्स. दोन वर्षांत मिळून अडीचशे पौंड वाचले, म्हणून दादांनी त्या गृहस्थाला मिठाई नेऊन दिली होती. त्या सुटीची किंमत पेन्शनमधून वळती होणार आहे, हे त्या वेळी ना हिशेबनीस बोलला, ना दादांनी विचारले.

आणि धंदा एकदा पुरता मिटला, की ‘क्लास टू’चे दारही मिटते. रोजगार नसलेल्या माणसाला स्वेच्छेने वर्ष विकत घ्यायचे असेल तर ‘क्लास थ्री’ भरावा लागतो. त्याचा २०२५-२६ चा दर आठवड्याला १७ पौंड ७५ पेन्स, म्हणजे वर्षाला ९२३ पौंड. काल जे वर्ष १८२ पौंडांना मिळत होते, ते आज कमाई थांबल्यावर पाचपट भावाने घ्यायचे. माणसाच्या हातात पैसा असताना वस्तू स्वस्त आणि नसताना महाग, हा उलटा न्याय कोणाच्या दुष्ट हेतूने झालेला नाही. कायद्याच्या थरावर थर चढत गेले आणि तो तसा होऊन बसला. परंतु हेतू निर्मळ असल्याने परिणामाची जबाबदारी टळत नाही.

दादांच्या कागदावरच्या ज्या ओळींनी मला सर्वांत अस्वस्थ केले, त्या २०१४ ते २०१८ च्या होत्या. वहिनींची उजवी बाजू गेली होती. त्यांना उठवणे, पुसणे, भरवणे, रात्रीतून दोनदा कूस बदलवणे, हे सारे दादा करीत होते. अशा माणसासाठी त्या देशाच्या कायद्यात २०१० पासून एक सोय आहे: आठवड्याला वीस किंवा अधिक तास जो आजारी किंवा अपंग माणसाची शुश्रूषा करतो, त्याला काही अटींवर, एक पैही न भरता, वर्गणी भरल्याचे श्रेय मिळते. ते श्रेय मागावे लागते, आणि मागण्याला मुदत असते. दादांना ते ठाऊक नव्हते. ‘मी काम करीत नव्हतो, मग माझे वर्ष कसे भरणार?’ असे ते मला म्हणाले. चार वर्षे रात्रंदिवस राबलेला मनुष्य ‘मी काम करीत नव्हतो’ म्हणतो, आणि सरकारच्या दप्तरातही तेच लिहिलेले राहते, हे पाहून माझ्याने काही बोलवेना.

अशीच सोय नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी २०११ पासून आहे. बारा वर्षांखालील नातवंडाला सांभाळण्यासाठी ज्याने पेन्शनच्या वयाआधीच आपला धंदा आवरता घेतला, त्याला मुलाचे किंवा सुनेचे न लागणारे श्रेय आपल्या नावे करून घेता येते. लंडन, स्लाव, रेडिंग, लेस्टर येथील किती मराठी आज्यांनी शिवणकामाचे यंत्र किंवा जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय याच कारणासाठी बंद केला असेल! त्यांपैकी ज्यांनी हा अर्ज भरला असेल त्यांचे मी अभिनंदन करीन. पण बहुतेकींना हा अर्ज आहे हेच माहीत नसणार, अशी मला भीती वाटते.

स्त्रियांचा प्रश्न येथेच संपत नाही. छोट्या धंद्यात दोघे राबतात आणि नाव एकाचे लागते, ही आपल्याकडची रीत समुद्रापलीकडेही आपल्याबरोबर गेली. वहिनी तेवीस वर्षे दादांचे फोन घेत होत्या, शिकवणीच्या वेळा त्यांच्या वहीत मांडत होत्या, परीक्षेच्या तारखा सांभाळत होत्या. आणि त्यांच्या नावे त्या श्रमाची एकही ओळ नव्हती. जुन्या कायद्यात विवाहितेला नवऱ्याच्या वर्गणीवर मूळ पेन्शनच्या साठ टक्क्यांपर्यंत हक्क असे. २०१६ च्या नव्या व्यवस्थेत, काही संक्रमणकालीन अपवाद सोडले तर, प्रत्येकाने आपापली वर्षे आपणच भरायची आहेत. तत्त्व म्हणून ते समतेचे आहे, मला मान्य आहे. पण ज्या बाईने जुन्या व्यवस्थेच्या भरवशावर निम्मे आयुष्य काढले, तिला नव्या तत्त्वाची खबर वेळेवर देणे हे तत्त्वाइतकेच महत्त्वाचे होते. आज जे तरुण जोडपे असा धंदा चालवीत असेल, त्याने एक गोष्ट करावी: पत्नीला धंद्यातून रीतसर पगार द्यावा. तो २०२५-२६ च्या दराने आठवड्याला १२५ पौंडांच्या वर आणि २४२ च्या आत ठेवला, तर तिच्याकडून वर्गणी कापली जात नाही आणि तरीही तिचे वर्ष पूर्ण भरते. स्वतःची छोटी कंपनी काढून संगणकक्षेत्रात कंत्राटी काम करणाऱ्या आपल्या मुलांनाही हेच लागू आहे. ती बहुधा कर वाचवण्यासाठी पगार अल्प ठेवून उरलेला पैसा लाभांश म्हणून काढतात. लाभांशावर वर्गणी नाही, आणि म्हणून लाभांशाने वर्षही भरत नाही. पगार त्या १२५ च्या रेषेखाली ठेवला, तर लाखांची उलाढाल करूनही ते वर्ष ‘पूर्ण नाही’ याच शेऱ्याचे धनी होते.

गेलेली वर्षे परत घेण्याची मुदत साधारणतः सहा वर्षांची आहे. २००६ ते २०१६ या दशकातील खंड भरण्याची एक विशेष सवलत सरकारने दिली होती आणि ती दोनदा वाढवलीही होती. ती ५ एप्रिल २०२५ रोजी कायमची बंद झाली. दादा माझ्याकडे आले ते त्यानंतर अडीच महिन्यांनी. जूनमध्ये त्यांच्या हाती उरली होती ती २०१९-२० पासूनची पाच वर्षे. ती ‘क्लास थ्री’ने घेता येत होती. त्यासाठी साडेचार हजार पौंडांच्या वर रक्कम लागणार होती, आणि वाढणारी पेन्शन वर्षाला सोळाशेच्या आसपास. म्हणजे तीन वर्षांच्या आत मुद्दल वसूल. हा सौदा किफायतीचा होता आणि तो करावा असेच मी त्यांना सांगितले. पण असा सल्ला सरसकट सर्वांना देता येणार नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्याची वर्षे आधीच पुरेशी आहेत त्याला आणखी वर्ष घेऊन काही मिळत नाही. ज्याचे उत्पन्न इतके अल्प आहे की त्या देशात राहून त्याला गरजूंसाठीचा पूरक भत्ता मिळेल, त्याचीही भर वाया जाऊ शकते. आणि एकदा भरलेला पैसा सहसा परत मिळत नाही. म्हणून आधी स्वतःची नोंद मागवावी, कोणत्या वर्षाने पेन्शन खरोखर किती वाढेल ते पेन्शन खात्याला विचारावे, आणि मगच खिशात हात घालावा.

जो भारतात परतणार आहे, त्याने तर हे सारे जाण्याआधी उरकावे. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात तेथील सरकारने जाहीर केले, की परदेशी राहून स्वस्त ‘क्लास टू’ भरण्याची जी मुभा काम करणाऱ्यांना होती ती ६ एप्रिल २०२६ पासून काढून घेतली जाईल, आणि परदेशातून स्वेच्छेने वर्गणी भरण्यासाठी पूर्वी जेथे तीन वर्षांचे वास्तव्य किंवा वर्गणी पुरत असे, तेथे नव्या अर्जदाराला दहा वर्षे लागतील. थोडा काळ राहून आलेल्याने नाममात्र वर्गणीवर जन्माची पेन्शन घेऊ नये, हा त्यामागचा विचार मला चुकीचा वाटत नाही. परंतु जो तेवीस वर्षे तेथल्या रस्त्यांवर तेथल्याच मुलांना गाडी चालवायला शिकवून आला, त्याचे काय? त्याची वेगळीच शिक्षा आहे. ब्रिटनची पेन्शन दर वर्षी वाढते. भाववाढ, वेतनवाढ किंवा अडीच टक्के यांपैकी जे सर्वांत जास्त त्या प्रमाणात. ही वाढ युरोपातील देशांत, अमेरिकेत, फिलिपाइन्समध्ये, मॉरिशसमध्ये राहणाऱ्यांना मिळते. भारतात मिळत नाही. जेथे तसा करार आहे तेथे वाढ आणि जेथे नाही तेथे पेन्शन पहिल्या दिवशीच्या आकड्यावर गोठलेली, असा तो नियम आहे, आणि कॅनडा व ऑस्ट्रेलियाही आपल्याबरोबर त्याच रांगेत आहेत. ज्याने २०१६-१७ साली पूर्ण पेन्शन घेऊन पुण्याची वाट धरली, त्याला आठवड्याला १५५ पौंड ६५ पेन्स मिळू लागले आणि आजही तितकेच मिळतात. त्याचा हॅरोतला शेजारी मात्र २३० वर पोहोचला. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या अॅनेट कार्सन या बाईंनी हा अन्याय हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत नेला आणि २००५ साली त्या हरल्या. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेही २०१० साली सरकारच्याच बाजूने कौल दिला. न्यायालयांनी तो धोरणाचा विषय मानला. मग धोरण ठरवणाऱ्यांपाशी तो विषय काढलाच पाहिजे. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापक व्यापारी करार झाला, आणि त्याच्या जोडीने अल्पकाळ पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत दुहेरी वर्गणीतून मुक्त करण्याचे ठरले. कंपन्यांचा आणि त्यांच्या नोकरांचा प्रश्न दिल्लीने हिरिरीने मांडला, ते योग्यच झाले. आयुष्यभर तेथे वर्गणी भरून इकडे परतलेल्या वृद्धांची गोठलेली पेन्शनही त्याच टेबलावर ठेवण्याचे धैर्य दिल्लीने दाखवावे, अशी माझी मागणी आहे.

परंतु माझे मुख्य गाऱ्हाणे याहून साधे आहे. धंदा बंद झाल्याचे सरकारला कळवणे त्या देशात बंधनकारक आहे. म्हणजे ज्या दिवशी स्वतंत्र व्यावसायिकाच्या पेन्शनला सर्वांत मोठा धोका उत्पन्न होतो, तो दिवस सरकारला नेमका ठाऊक असतो, आणि त्याची किती वर्षे भरली, किती राहिली, हेही त्याच सरकारच्या दप्तरात असते. नोकरी सोडणाऱ्याला मालकाकडून हिशेबाचा एक कागद हाती मिळतो. धंदा सोडणाऱ्याला त्याच्या तोडीचा कागद का मिळू नये? तुमची इतकी वर्षे भरली, इतकी उरली, शेवटची ही दोन वर्षे कमी नफ्यामुळे अपुरी आहेत व ती स्वस्तात अमुक तारखेपर्यंत भरता येतील, तुम्ही कोणाची शुश्रूषा करणार असाल तर हा अर्ज करा: एवढा मजकूर एका पानात मावतो. संकेतस्थळावर सारी माहिती आहे, ज्याने त्याने पाहावी, असे उत्तर यावर दिले जाते. ते उत्तर तीस वर्षांच्या संगणकतज्ज्ञाला पुरते. नजर अधू झालेल्या आणि घरात आजारी माणूस असलेल्या छपन्न वर्षांच्या ड्रायव्हिंग शिक्षकाला पुरत नाही. कर बाकी असता तर तगाद्यावर तगादे आले असते, व्याज लागले असते, दंड झाला असता. देणे वसूल करताना ज्या सरकारला खातेदाराचा पत्ता बिनचूक सापडतो, त्याला हक्क कळवताना तो सापडू नये, हे बेव्हरिजच्या कल्पनेशी सुसंगत नाही. याशिवाय, धंदा मिटल्यापासून निदान दोन वर्षे ‘क्लास टू’च्या दराने वर्गणी घ्यावी, अशीही तरतूद सहज करता येईल, तिचा बोजा खजिन्यावर फार पडेल असे मला वाटत नाही.

तोपर्यंत आपल्या मंडळांना करण्याजोगे पुष्कळ आहे. न. चिं. केळकरांनी १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळाची स्थापना केली, ती परक्या मुलखात माणसाला माणूस भेटावा म्हणून. गणपती, दिवाळी पहाट, नाटके हे सर्व व्हावेच. पण दर जानेवारीत, विवरणपत्रांच्या अखेरच्या मुदतीपूर्वी, विलायतेतल्या प्रत्येक मराठी मंडळात एक दुपार अशी असावी, की जाणत्या मंडळींनी वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांची नोंद उघडून दाखवावी. लाजेने कोणी विचारीत नाही. आपल्या माणसाने मराठीतून विचारले, तर सांगतात.

दादांनी पाच वर्षांचे पैसे भरले. त्यांची वर्षे आता बत्तीस झाली; तीन कायमची गेली, त्यांची किंमत आठवड्याला एकोणीस पौंडांच्या आसपास, आणि जे मिळते तेही पुण्यात गोठलेले. गेल्या महिन्यात रेडिंगच्या आमच्या पुतण्याने फोनवर सहज सांगितले, की मार्चअखेर तो आपली कंपनी बंद करून वर्षभर विश्रांती घेणार आहे. दादांनी त्याला प्रकृतीचे विचारले नाही, पुढे काय करणार तेही विचारले नाही. ‘आत्ताच्या आत्ता ती यादी उघड आणि मला वाचून दाखव,’ म्हणाले. पोरगा हसला, नंतर करतो म्हणाला. दादा फोन धरून बसून राहिले. मग तिकडून तो एकेक वर्ष वाचू लागला, आणि इकडे दादा पाठकोऱ्या कागदावर, डोळ्यांजवळ नेऊन, ती वर्षे एकाखाली एक लिहू लागले. २०१९-२० शी आल्यावर त्याचा आवाज थांबला, तेव्हा दादा म्हणाले, ‘ते अपुरे आहे ना? पाच एप्रिलच्या आत भर. अजून दिवस आहेत.’